चालेल हो, पण थांबेल का?



गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची तयारी सुरू झाली की आपल्या या समूहावर जुन्या लष्करी जीपचे फोटो यायला लागतात. हिरवा लष्करी रंग, बॉनेटवर पांढरा तारा, मागे जेरीकॅन, बाजूला फावडं लटकवलेलं. खाली पन्नास जणांचं "वा वा" आणि "जुनं ते सोनं". आज मला या सोन्याला जरा कस लावायचा आहे. कुणाला राग आला तर येऊ दे. माझं म्हणणं अगदी साधं आहे. ज्या जीपचे ब्रेक आणि गिअरबॉक्स उघडून, तपासून, नीट केलेले नाहीत, ती जीप रस्त्यावर आणू नये, आणि शोभायात्रेत तर मुळीच नाही. आधी ब्रेक, मग रंग.

आता कुणी म्हणेल, हे बँकवाले, बी.कॉम. झालेले, यांना गाडीतलं काय कळतं? प्रश्न रास्त आहे. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज खात्यात. वाहन तारण असलं की ते डोळ्यांनी पाहून यायचं, हा नियम. शेकडो जीप, टेम्पो, ट्रक पाहिले. तेव्हा एक गोष्ट शिकलो: रंग नवा असला की खाली वाकून बघायचं. आणि निवृत्तीनंतर गेली पंधरा वर्षं माझी संध्याकाळ एका गॅरेजातल्या लाकडी बाकावर जाते. ते गॅरेज ईएमईतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांचं आहे. वयाने माझ्याहून मोठे, सगळी पोरं त्यांना हवालदारकाका म्हणतात, मीही तेच म्हणतो. माझ्या मेव्हण्याची आणि माझी भागीदारीतली सीजे-3बी जीप त्यांच्याच हाताखालून गेलेली आहे. पाना मी धरत नाही, पण दिवा धरतो, आणि दिवा धरणाऱ्याला बरंच दिसतं.

या विषयाशी आपला संबंध काय, असंही कुणाला वाटेल. आपली गावं जरा आठवा. बडोद्यात ईएमई स्कूल. सिकंदराबादला लष्कराचं ईएमईचं कॉलेज. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. इंदूरला लागून महू, ग्वाल्हेरला लागून मुरार. जबलपूरला तर वाहनांचा कारखानाच, जिथे 1969पासून जोंगा बनली. तिचं नावच मुळी जबलपूरच्या आद्याक्षराने सुरू होतं. आपण मराठी माणसं जिथे जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, तिथे शेजारी छावणी आहे. छावणीतून लिलावात निघालेल्या गाड्या आपल्या गल्लीत आल्या, आणि त्या दुरुस्त करणारे हातही आपल्याच गल्लीत राहिले. 1965च्या लढाईत अब्दुल हमीद यांनी जीपवर चढवलेल्या तोफेने रणगाडे फोडले, त्यांना परमवीर चक्र मिळालं, हे आपण शाळेत ऐकलं. त्या जीपबद्दल आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण अभिमान बॉनेटवर रंगवून भागत नाही, तो चाकाच्या आतही असावा लागतो.

तर आता चाकाच्या आत चला.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप साधारण 1100 किलोची. तिच्या चारही चाकांना नऊ इंची ड्रम ब्रेक. लष्कराच्या कागदावर ही "पाव टन" गाडी, म्हणजे ड्रायव्हर धरून चार माणसं आणि थोडं सामान. आपण शोभायात्रेत तिच्यावर किती चढवतो? झेंडेवाला, दोन फेटेवाल्या ताई, शिवाजी महाराजांच्या वेशातला मुलगा, त्याचे मावळे, स्पीकर, बॅटरी, आणि मागे लटकलेले दोन कार्यकर्ते. वर म्हणायचं, "अहो, माणसाच्या चालीने तर चालवायची आहे, ब्रेक कशाला लागतो?"

हेच ते आपलं बडोद्याचं "चालशे". गुजरातीतला हा शब्द आपण इतका आपलासा केला की आता मराठीत विचार करतानाही तोच तोंडात येतो. चालशे, म्हणजे चालेल. चालेल हो, पण थांबेल का?

या गाड्यांच्या ब्रेकची रचना समजून घ्या. पायाखाली एकच मास्टर सिलिंडर, त्यातून निघणारी एकच लाइन, तीच चारही चाकांना जाते. आजच्या गाड्यांत दोन वेगळे भाग असतात. एक फुटला तरी दुसरा निम्मं काम करतो. जुन्या जीपमध्ये तसं नाही. एका चाकाजवळचा रबरी होज फुटला, किंवा एका व्हील सिलिंडरचा वॉशर उलटला, की चारही चाकांचा ब्रेक गेला. पाय थेट फळीला टेकतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर सगळी ठेव एकाच ठिकाणी, आणि विमा शून्य. अशा गाडीत "तीन चाकांचा ब्रेक ठीक आहे" हे वाक्य बोलायचंच नाही.

आता जुनी जीप घेतल्यावर बहुतेक लोक काय करतात ते सांगतो. पेडल खाली जातं म्हणून डबी उघडून ब्रेक ऑइल भरतात. दोन-तीनदा पंप मारला की पेडल वर येतं. झालं, ब्रेक लागला! अरे, पण ऑइल गेलं कुठे? ते गेलं ड्रमच्या आत, लायनरवर. लायनर एकदा ऑइल प्याला की कितीही पुसा, गरम झाला की पुन्हा ऑइल सोडतो. तो बदलायचाच असतो. एका बाजूचा लायनर भिजलेला आणि दुसऱ्या बाजूचा कोरडा असला की ब्रेक मारल्यावर गाडी कोरड्या बाजूला ओढते. मिरवणुकीत त्या बाजूला लेझीम खेळणाऱ्या मुली असतात.

खरं काम कसं होतं ते हवालदारकाकांकडे बसून पाहिलेलं आहे. चारही ड्रम काढायचे. आतली धूळ हवा मारून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि ती धूळ छातीत जाते. व्हील सिलिंडर उघडून आतून बोट फिरवायचं. खड्डे लागले तर नुसतं वॉशरचं किट टाकून उपयोग नाही, सिलिंडर स्लीव्ह करायचा किंवा बदलायचा. पुढचे सिलिंडर मागच्यांपेक्षा मोठे असतात, कारण ब्रेक मारल्यावर भार पुढे येतो. मिळेल तो सिलिंडर मिळेल त्या चाकाला लावून चालत नाही. रबराचे भाग पेट्रोलने किंवा रॉकेलने धुवायचे नाहीत, ते फुगतात. ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल घालणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्याने चारही चाकांचे वॉशर फुगून ब्रेक धरून बसतात. ड्रम लेथवर टर्न करायचा, पण तो किती पातळ करायचा याला मर्यादा आहे, आणि एका अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम सारख्या मापाचे राहिले पाहिजेत. नवा लायनर ड्रमच्या गोलाईला पूर्ण टेकतो की नुसत्या टोकाला, हे खडू लावून बघायचं. शेवटी एअर काढायची, एकाने पेडल दाबायचं आणि एकाने निपल सैल करायचं, बुडबुडे थांबेपर्यंत.

आणि ब्रेक ऑइल स्वतःच पाणी ओढून घेतं, हवेतलं. डॉट 3 प्रतीचं नवं ऑइल 205 अंशांना उकळतं, त्यात पाणी मुरलं की 140च्या आसपास. उकळलं की त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. गाडी पाडव्याला एकदाच निघते, मग ऑइल कशाला बदलायचं, असं म्हणू नका. उभ्या गाडीचं ऑइलही पाणी पितच असतं, आणि आतला सिलिंडर गंजतच असतो.

आता गिअरबॉक्स. लोक म्हणतात, ब्रेकचं एक वेळ समजलं, गिअरबॉक्सचा आणि जिवाचा काय संबंध? संबंध आहे. या जीपला पुढचे तीन गिअर. पहिल्याला सिंक्रो नाही, म्हणजे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दोनदा दाबून, रेस देऊन, कानाने ऐकून टाकावा लागतो. ज्याला ते जमत नाही, तो उताराला दुसऱ्यावर अवलंबून असतो. आणि जुन्या गिअरबॉक्सचा नेमका रोगच हा, की पाय उचलून गाडी इंजिनवर रोखून धरली की दुसरा गिअर सटकतो आणि लिव्हर न्यूट्रलला येते. बुश झिजलेले, शाफ्टला आडवी हालचाल आलेली, सिंक्रोचे दात गोल झालेले, लिव्हर धरून ठेवणारी स्प्रिंग मेलेली, किंवा बेल हौजिंगच वाकडं बसलेलं. कारणं पाच-सहा आहेत आणि उघडल्याशिवाय कळत नाहीत. यावर आपला उपाय काय? हाताने लिव्हर दाबून धरायची! एका गृहस्थांनी तर रबरी पट्टा बांधला होता. चालशे!

गिअर ऑइलचंही तसंच. दुकानदार देईल ते जाड ऑइल ओतायचं. पण जीएल-5 प्रतीच्या ऑइलमध्ये जी गंधकयुक्त भर असते, ती पितळेला खाते, आणि सिंक्रोच्या रिंगा पितळी असतात. या गिअरबॉक्सला जीएल-4 प्रतीचं ऑइल घालावं. दोनशे-चारशे रुपयांच्या फरकासाठी, किंवा नुसतं न विचारल्यामुळे, आज न मिळणाऱ्या रिंगा आपण स्वतःच्या हाताने वितळवतो.

मागे जोडलेली ट्रान्सफर केस, ज्याला आपले मिस्त्री फोर-बाय-फोरचा गिअर म्हणतात, ती वेगळीच कथा. फोटोत छान दिसतं म्हणून डांबरी रस्त्यावर पुढचा अ‍ॅक्सल जोडून फिरणारे आहेत. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शिअल नसतं. चिखलात, वाळूत चाक घसरून हिशेब मिटवतं. डांबरावर ते घसरू शकत नाही, सगळा ताण क्रॉसवर आणि गिअरच्या दातांवर येतो. लष्कराने ही सोय दलदलीसाठी दिली होती, सेल्फीसाठी नाही.

आणि हँडब्रेक! विलीज आणि सीजे-3बी या गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. ट्रान्सफर केसचं ऑइल सील गळत असेल तर ते ऑइल थेट या हँडब्रेकच्या ड्रमवर येतं. म्हणजे गिअरबॉक्सकडे दुर्लक्ष केलं की हँडब्रेकही जातो. दोन वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका शोभायात्रेत पुलाच्या चढावर जीप थांबवून ड्रायव्हर खाली उतरला, हँडब्रेक ओढून. जीप मागे आली. ढोलपथकातल्या एका मुलीच्या पायावरून चाक गेलं, घोट्याजवळ दोन ठिकाणी मोडलं. मंडळाचं नाव घेत नाही, मुलीचंही घेत नाही. पण त्या जीपच्या रंगाला त्या वर्षी बक्षीस होतं. नंतर हवालदारकाकांनी खाली वाकून पाहिलं, तर हँडब्रेकचा लायनर ऑइलने काळाभोर, गुळगुळीत. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच. मंडळाने मुलीचा दवाखान्याचा खर्च दिला, आणि पुढच्या वर्षी जीपला नवा रंग दिला. ब्रेकचं काय केलं, असं मी बैठकीत विचारलं तर उत्तर मिळालं, "काका, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता."

बोलतो. ताळेबंद वाचायची सवय आहे, म्हणून बोलतो. मी हौशी मंडळींची गाडी नवी करून घेतल्याची बिलं पाहिली आहेत. रंग, पत्रा, टायर, सीट, तारा, दिवे यांचा तपशील दीड पान. ब्रेक आणि गिअरबॉक्स मिळून एक ओळ: "सर्व्हिसिंग". हिशेबाच्या शास्त्रात येणाऱ्या नुकसानीसाठी आधीच तरतूद करायची असते. केली नाही तर नफा फुगलेला दिसतो, एवढंच. नुकसान कुठे जात नाही, ते व्याजासकट येतं.

आता विरोधी पक्षाचं ऐकू या. एक बाजू म्हणते, जुने ब्रेक कशाला जपायचे? डिझेल इंजिन टाका, पुढे डिस्क टाका, झकास. त्यांना माझं उत्तर: नऊ इंची ड्रम त्या साठ घोड्यांच्या इंजिनासाठी आणि त्या काळच्या वेगासाठी केला होता. वेग दुप्पट केला की थांबवायची शक्ती चौपट लागते, हे शाळेतलं गणित. नुसतं इंजिन बदलून ड्रम तेच ठेवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि 2019च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी फेरफार गाडीत करता येत नाही. उद्या अपघात झाला तर विम्यावाला पहिला प्रश्न हाच विचारेल. हे मी बँकेच्या खुर्चीतून खूपदा पाहिलं आहे.

दुसरी बाजू शुद्धतावाद्यांची. मूळ 1944चा वॉशर, मूळ होज, काही बदलायचं नाही. रबर म्हणजे वारसा नव्हे हो. ब्रेकचा होज हा दिव्यातल्या वातीसारखा, बदलत राहायचा. पितळ जपा, लोखंड जपा, गिअरचे दात जपा. रबर, लायनर आणि ऑइल नवं घाला. लष्कराने तरी वेगळं काय केलं? त्यांच्या वर्कशॉपमध्ये ठरलेल्या अंतरावर हे सगळं उघडून बदललं जायचं, म्हणून तर गाड्या इतकी वर्षं टिकून लिलावापर्यंत पोहोचल्या. ज्यांना कागदोपत्री वारसा जपायचा आहे त्यांच्यासाठी 2021च्या नियमांनी सोय केली आहे: पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, पाटीवर "व्हीए" अक्षरं मिळतात, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. छान नियम आहे. पण पाटीने गाडी थांबत नाही.

तिसरी सबब: "मिस्त्री मिळत नाहीत." इथे माझा आवाज चढतो, माफ करा. मिस्त्री मिळत नाहीत, की आपण त्यांना मिळू दिले नाहीत? ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढलं, हाताला कसब यावं म्हणून, आणि तेही मातृभाषेतून, जिथे दादासाहेब फाळके शिकले, त्या बडोद्यातली आपली घरं आज मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला की पेढे वाटतात, आणि तोच मुलगा सुट्टीत गॅरेजात जाऊन ड्रम उघडतो म्हणाला की "हात काळे करायला शिकवलं का तुला?" म्हणतात. हवालदारकाकांनी रंगाच्या दुकानाएवढं बिल लावलं तर घासाघीस होते. रंगवाल्याशी होत नाही. शोभायात्रेत रंगवाल्याला शाल-श्रीफळ, हवालदारकाका गर्दीत उभे. त्यांच्या कोरची खूण "कर्म ही धर्म" आहे. आपण फक्त धर्माची मिरवणूक काढतो, कर्म गॅरेजात सोडून येतो.

काका आता ऐंशीला टेकले. त्यांच्या हाताला गिअरचा दात किती झिजला ते न मोजता कळतं. हे पुस्तकात नाही, माझ्या पोस्टमध्येही नाही. त्यांच्याकडे आज शिकायला येणारा एकच मुलगा आहे, तोही आपल्यातला नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही, विद्या जिवंत राहतेय याचा आनंद आहे. वाईट एवढंच वाटतं की जीपचा अभिमान आपला, आणि ती थांबवण्याची विद्या मात्र आपल्याला नको.

म्हणून या वर्षी मंडळांना आणि गाडीमालकांना माझी स्पष्ट मागणी आहे. शोभायात्रेत येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीची आठ दिवस आधी मोकळ्या मैदानात तपासणी करा. इंजिन बंद करून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. पाय हळूहळू खाली गेला तर ती गाडी बाद. ठरलेली माणसं बसवून वीस-पंचवीसच्या वेगाने ब्रेक मारा. एका बाजूला ओढली तर बाद. चढावर न्यूट्रलला, चाकामागे ओंडका तयार ठेवून, नुसत्या हँडब्रेकवर उभी करा. हलली तर बाद. दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचला. लिव्हर उडाली तर बाद. चार माणसांच्या गाडीत चारच माणसं. आणि मिरवणुकीत प्रत्येक गाडीबरोबर ओंडका घेऊन चालणारा एक कार्यकर्ता. याला पैसे लागत नाहीत, एक सकाळ लागते.

बाद झालेल्या गाडीच्या मालकाने रुसू नये. रंगाचे पैसे या वर्षी गॅरेजात द्यावेत आणि गाडी पुढच्या पाडव्याला आणावी. रंग उडालेली जीप शोभायात्रेत आली तर मी स्वतः तिच्यावर फुलं टाकीन.

कमेंटमध्ये जीपचे फोटो टाकणार असाल तर या वेळी बॉनेटचा टाकू नका. चाक काढून ड्रमच्या आतला टाका.